राखासुराला कुंकू

आमच्या घरी खंडेनवमीला एका राक्षसाची पूजा झाली. ती मीच केली.

त्या दिवशी जो तो आपापल्या हत्यारांना हळदकुंकू लावतो. माझं शिलाई मशीन झालं, कात्री झाली, ह्यांचा फवारणीचा पंप झाला. राहिली बारावीतली आमची पल्लवी. ती पत्त्यांचा एक खेळ खेळते. त्यात राजा-राणी नाहीत, राक्षस आणि जादूगार आहेत. तिचा हुकमी पत्ता म्हणजे राखासुर! सातशे वर्षं राखेत झोपलेल्या ह्या प्राण्याला उठवायचं, तर आपलेच तीन सैनिक बळी द्यावे लागतात. (पाहुणा यायच्या आधीच घर रिकामं!) "आई, हेच माहं हत्यार आहे," असं ती आठवडाभर सांगत होती. मी मनावर घेतलं.

ती आंघोळीला गेली तशी मी राखासुराला पारदर्शक पाकिटातून बाहेर काढलं. (प्लास्टिकला कुंकू लावून त्याला काय पोचणार?) समोरून नुसता जबडा! तिथे बोट न्यायचा धीर होईना. म्हणून पाठीवर ठसठशीत टिळा लावला.

पल्लवी आली आणि किंचाळलीच.

"आई! हे काय करून ठेवलं वं?"

"पूजा केली. काऊन?"

"सगळ्या पत्त्यायची पाठ सारखी पाह्यजे! खूण दिसली की लबाडी धरतात, खेळातून काढतात!"

तीन वाजता मलकापूरला स्पर्धा होती. पोरगी सहा महिने त्यासाठी राबली होती. तिचे डोळे भरले. मी पदराने खसाखसा पुसलं, पण कुंकू काही निघेना.

मोटारसायकलला हार घालता घालता हे म्हणाले, "एकालेच लावलं म्हणून खूण झाली. सगळ्यायले लाव ना!"

लग्नाला वीस वर्षं झाली, पण हा माणूस इतकं शहाणं कधी बोलला नव्हता! मी कोटाचं मोठं बटण ओल्या कुंकवात बुडवलं आणि राखासुरासकट चाळीसही पत्त्यांवर ठसे उठवले.

मलकापूरच्या हॉलमध्ये पंचांनी पत्ते उलटे मांडले. चाळीस सवाष्णी एका ओळीत! त्यांनी एकेक पत्ता निरखला.

"सगळे सारखे हायेत. चालते."

पल्लवी एकेक डाव मारत शेवटच्या सामन्यात पोचली. मी तिच्या पाठीमागे खुर्ची ओढून बसले. तिने नवा पत्ता उचलला, आणि मला राहवलं नाही.

"माय वं! राखासुर आला ना आपला!"

समोरच्या पोराने लगेच आपले सगळे पहारेकरी पुढे आणले. पल्लवीने माझ्याकडे असं पाहिलं, की राखासुर बरा!

पंच हात जोडून म्हणाले, "ताई, पोरीचे पत्ते बरोबर हायेत. तुम्ही भाईर बसा."

बाहेर चपलांच्या राशीशेजारी मी जीव मुठीत धरून बसले. अर्ध्या तासाने पल्लवी चषक नाचवत आली आणि गळ्यात पडली. मला रडूच फुटलं.

शेजारची बाई म्हणाली, "आईचा आशीर्वाद लागला वं तुले!"

"हाव," पल्लवी म्हणाली, "भाईरून दिला तवा लागला."