झऱ्यांच्या जागा नावाचा फोल्डर

मी शहापूरला राहते आणि घरूनच एका कंपनीसाठी प्रोग्राम तपासायचं काम करते. ते पोटापाण्याचं. त्याशिवाय आणखी एक काम मी हौसेनं करते, ते म्हणजे ईमेल आणि न्यूजग्रुप वाचायचा एक छोटा, फुकट मिळणारा प्रोग्राम सांभाळायचं. न्यूजग्रुप म्हणजे एखाद्या विषयात रस असलेल्या लोकांनी एकमेकांना जाहीर पत्रं लिहायची जुनी जागा. आमच्या प्रोग्रामात चित्रं नाहीत, रंगीत बटणं नाहीत, नुसती अक्षरं. तो सांभाळणारे आम्ही पाच-सहा जण वेगवेगळ्या देशांत बसतो. एकमेकांना कधी भेटलेलो नाही.

आमचा स्वतःचाही एक न्यूजग्रुप आहे. लोक तिथं तक्रारी लिहितात, सगळ्या इंग्रजीत. एके दिवशी सकाळी चहा घेता घेता तो उघडला, तर मधेच एक पत्र मराठीत.

"नमस्कार. फोल्डरला मराठी नाव दिलं की तुमचा प्रोग्राम ते नाव न दाखवता इंग्रजी अक्षरांची खिचडी दाखवतो. मला सगळी खिचडी पाठ झाली आहे, म्हणून माझं अडत नाही. पण नवीन माणसाचं अडेल. कळावे."

खाली गावाचं नाव होतं. धसई, तालुका मुरबाड.

मी ते पत्र दोनदा वाचलं. धसई माझ्या घरापासून दोन बस लांब. तिथं कुणी आमचा प्रोग्राम वापरत असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मग लक्षात आलं की माझे स्वतःचे सगळे फोल्डर इंग्रजीत आहेत. बँक, ऑफिस, घर, सगळं इंग्रजी अक्षरांत. कंप्युटरवर मराठी नाव द्यायचं माझ्या मनातच आलं नव्हतं, म्हणून इतक्या वर्षांत ही चूक मला दिसलीच नाही. आणि "पाठ झाली आहे" म्हणजे काय? ते काही मला कळेना. मी उत्तर लिहिलं, येऊन बघू का म्हणून विचारलं. लगेच एका ओळीचं उत्तर आलं: "या. मंगळवार सोडून कधीही."

शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून धसई. बसमधून उतरले तेव्हा समोर एक बाई स्कूटरवर बसून माझी वाट बघत होती. "आत्यांकडे ना? बसा मागं," म्हणाली. आत्या म्हणजे ते पत्र लिहिणाऱ्या बाई, आणि ही त्यांची भावजय. वाटेत तिनं सांगितलं की आत्यांना दिसत नाही, विसाव्या वर्षी तापात दृष्टी गेली. पुढं भातसानगरच्या धरण-वसाहतीत एका कार्यालयात त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्यावर माहेरी भावाकडे राहायला आल्या. गावात लहानथोर सगळे त्यांना आत्याच म्हणतात.

आत्या ओटीवर बसल्या होत्या. पुढ्यात जुना लॅपटॉप, एका कानात हेडफोन. माझा आवाज ऐकून हसल्या. "बारीक आवाज हाय गो तुझा. मला वाटलं, कोणी जाडजूड मॅडम येतात काय." मग हेडफोन काढला आणि लॅपटॉपचा आवाज मोकळा केला.

पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा तो आवाज इतका वेगात बोलत होता, की मला एक शब्द कळेना. आत्यांनी वेग कमी केला. यंत्र म्हणालं: "अँड, सी, एस, सी, जे, ओ, ए, के, आय." मोठं अक्षर आलं की त्याचा सूर चढत होता, छोटं आलं की उतरत होता.

"ही धसई," आत्या म्हणाल्या.

खालचा बाण दाबला. पुन्हा तसलीच अक्षरं.

"हे शहापूर. पुढचं वाशिंद. आता येईल ते मुरबाड."

असे साठेक फोल्डर होते आणि प्रत्येकाचं नाव त्यांना आवाजावरून पाठ होतं. मी बघतच राहिले. खरं तर मला ठाऊक असायला हवं होतं की ही खिचडी येते कुठून. पत्रं साठवणारे सर्व्हर ज्या काळात घडले, तेव्हा इंग्रजीपलीकडच्या अक्षरांचा विचार फारसा कुणी केला नव्हता. म्हणून मराठी नाव इंग्रजी अक्षरांत बांधून पाठवतात. माणसापुढं आणताना प्रोग्रामनं ते सोडायचं असतं. आमचा प्रोग्राम बांधलेलं तसंच पुढं ठेवत होता. ते सोडायचं काम आमच्यापैकी कुणी केलंच नव्हतं.

"पाठ कसं केलंत?" मी विचारलं.

"ऑपरेटर होते ना मी. चारशे नंबर डोक्यात असायचे. आणि यात पण एक रीत हाय. सांगू?"

त्यांनी बोटं मोजत सांगितलं. नाव मराठी असलं की सुरुवातीच्या 'अँड'च्या खुणेनंतर पहिलं अक्षर सी येतंच. दुसरं अक्षर नावाच्या पहिल्या अक्षरावर ठरतं. क पासून ट पर्यंत काहीही असलं की आर. ठ पासून य पर्यंत एस. र पासून ह पर्यंत टी. "कल्याणला आर, धसईला एस, वाशिंदला टी. म्हणजे शाळेत बाराखडीआधी शिकवतात ना, कखगघ, तीच ओळ हाय ही. नुसती तीन ठिकाणी तोडलीय."

मी पर्समधून कागद काढला आणि तिथंच जमिनीवर बसून मांडून बघितलं. एकूण एक बरोबर होतं. या बांधणीचे नियम मी इंग्रजीत दहा वेळा वाचले होते, आकड्यांच्या तक्त्यांसकट. त्या तक्त्यांत आपली वर्णमाला ओळीनं उभी आहे, हे मला कधी दिसलं नव्हतं. या बाईंनी नियम वाचलेला नव्हता, तक्ता बघितलेला नव्हता. नुसतं ऐकून ऐकून त्या तिथवर पोचल्या होत्या.

भावजय चहा घेऊन आली. माझा चेहरा बघून तिला गंमत वाटली असावी. "आमी तर कधीच हात टेकले त्यांच्यापुढं," ती म्हणाली.

एवढ्या फोल्डरांत ठेवता काय, असं विचारल्यावर आत्या थोड्या गंभीर झाल्या. कार्यालयात असताना दिवसभर त्यांना पाण्याविषयीचेच फोन जोडावे लागायचे. अमुक दरवाजा उघडला, तमुक पातळी झाली. ते पाणी मुंबईला जायचं. मधूनच एखादा फोन डोंगराकडच्या पाड्यावरून यायचा, प्यायला पाणी नाही म्हणून. तोही त्या जोडून द्यायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं की जुन्या माणसांना ठाऊक असलेल्या पाण्याच्या जागा गोळा करायच्या. कुठला झरा, कुठला डोह, कुठली बुजलेली विहीर. भावजय स्कूटरवरून त्यांना पाड्यांवर न्यायची. तिथली म्हातारी माणसं सांगत, आत्या मोबाइलवर आवाज टिपून घेत आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवत. हळूहळू लोकच पाठवायला लागले. गावागणिक एक फोल्डर, आणि ज्या जागेचं गाव नक्की नाही तिच्यासाठी वेगळा, "झऱ्यांच्या जागा" नावाचा.

घरी आले ती कामाला लागले. तीन आठवडे रोज सकाळी ऑफिसचं काम सुरू व्हायच्या आधी दोन तास बसत होते. बांधलेलं नाव सोडून दाखवणं तसं अवघड नव्हतं. पण मी त्यात एक शहाणपणा केला. मराठीत काही अक्षरं दोन तऱ्हांनी टाइप होतात. दिसायला सारखी, आत वेगळी. मला वाटलं, नाव सोडता सोडता ते नीटनेटकंही करावं, सगळीकडे एकच तऱ्हा. नवा प्रोग्राम आत्यांना पाठवला आणि स्वतःवर खूश होऊन बसले.

पहिले दोन दिवस त्यांचा फोन आला की नुसता आनंद. "यंत्र आता मराठीत बोलतंय गो. वहिनीला पण ऐकवलं." तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला तेव्हा आवाज वेगळा होता.

"झऱ्यांच्या जागा उघडत नाय. नाव बरोबर बोलतंय, पण आत जाऊ देत नाय."

मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत बघते. आत्या म्हणाल्या, "संध्याकाळ नको. डोंगरावरच्या वाडीतून बाईचा फोन आलाय. त्यांचा हातपंप आटला. टँकर वर चढत नाय. त्यांच्या बाजूच्या एका झऱ्याचं एका म्हाताऱ्यानं मला सांगितलेलं, ते त्याच फोल्डरात हाय. म्हातारा आता राहिला नाय."

इतकी वर्षं खिचडी असूनही त्यांचं काही अडलं नव्हतं. मी सुधारायला गेले आणि नेमकं अडवून ठेवलं. मी माफी मागायला लागले, तर त्यांनी मला गप्प केलं.

"ऐक. उघडायला गेलं की यंत्र चूक सांगतं, अशा नावाचा फोल्डर नाय म्हणून, आणि पुढं ती खिचडी वाचतं. त्यात सी, आर, शून्य, जे, आणि मग एम, क्यू येतं. माझ्या डोक्यात एम, ए, के, आठ असं हाय. क्यू कधीच नव्हता."

मला क्षणात कळलं. 'झऱ्यांच्या' मधला ऱ. त्यांच्या कीबोर्डवर तो साधा र आणि खाली टिंब असा दोन तुकड्यांत टाइप झाला होता. मी नीटनेटकेपणाच्या नादात त्याचं एक सबंध अक्षर केलं. नाव पुन्हा बांधून सर्व्हरकडे गेलं ते वेगळंच. सर्व्हर खरं तेच सांगत होता. त्या नावाचा फोल्डर त्याच्याकडे नव्हताच. जी चूक शोधायला मला दोन दिवस लागले असते, ती त्यांनी फोनवर एका वाक्यात दाखवली.

"जुना प्रोग्राम अजून आहे का तुमच्याकडे?"

"हाय तर. मी काय लगेच पुसते?"

जुना प्रोग्राम उघडून त्यांनी जुन्या नावानं फोल्डर गाठला. फोन चालूच होता. मला मागून ते यंत्र ऐकू येत होतं, मग एका म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज. बेहड्याचं मोठं झाड, त्याच्या वरच्या अंगाला तीन काळे दगड, मधल्या दगडाखाली बारमाही ओल. ढोरं बसायची तिथं. आत्यांनी ते पुन्हा लावलं, तिसऱ्यांदा लावलं, आणि वाडीवरच्या बाईला फोन जोडायला गेल्या.

त्याच दिवशी मी तो नीटनेटकेपणा काढून टाकायला बसले. पण कसा काढावा हा प्रश्न होता, कारण लोकांनी नाव कुठल्याही तऱ्हेनं टाइप केलं तरी फोल्डर सापडणंही गरजेचं होतं. तोही आत्यांनीच सोडवला. संध्याकाळी मी त्यांना अडचण सांगितली, तर म्हणाल्या, "एक्स्चेंजमधे काय असायचं? साहेबांचं नाव लोक कसंपण घेऊ देत, कोणी पाटीलसाहेब म्हणो, कोणी मोठे साहेब म्हणो. लाइन लागते नंबरावर. नंबर मी कधी सुधारायला गेले नाय."

म्हणजे माणसाला दाखवायचं नाव वेगळं ठेवायचं, आणि सर्व्हरला सांगायचं नाव त्यानं दिलं तसंच, एका अक्षराचाही फरक न करता जपायचं. मी तसंच लिहिलं. आजही प्रोग्रामात ते तसंच आहे.

वाडीतल्या बायकांनी दुसऱ्या दिवशी जागा शोधली. झाड होतं. दगड दोनच सापडले, तिसरा मातीत गेला होता. दोन दिवस खणल्यावर ओल लागली, मग गढूळ पाणी, मग हळूहळू नितळ. भरपूर नाही. पण आळीपाळीनं हंडाहंडा मिळत राहिला, प्यायला पुरला. रविवारी मी गेले तेव्हा भावजय आम्हा दोघींना डोंगराच्या पायथ्यापर्यंत घेऊन गेली. पुढं आत्या माझ्या खांद्यावर हात ठेवून चढल्या. वर खड्ड्याभोवती बायकांनी दगड रचले होते. एकीनं तांब्या भरून आत्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी त्यात बोट बुडवलं, मग प्यायल्या, आणि उरलेलं मला दिलं. पाण्याला मातीचा वास होता.

"म्हाताऱ्याची नात इथंच असेल ना?" त्यांनी विचारलं. एक तरुण बाई पुढं आली. आत्यांनी मोबाइल काढून तिला तिच्या आजोबांचा आवाज ऐकवला. ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. परतताना त्या बाईनं तो आवाज स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला.

पुढच्या महिन्यात नवा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला झाला. आमच्यातल्या एकानं, जो बर्फाच्या देशात राहतो, लिहिलं की त्याच्या भाषेतलीही टिंबं असलेली अक्षरं आता नीट दिसतात आणि फोल्डर हरवत नाहीत, ही कल्पना कुणाची? मी त्याला एक्स्चेंजची गोष्ट सांगितली. मदत करणाऱ्यांच्या यादीत नाव घालू का, असं आत्यांना विचारलं. "घाल," त्या म्हणाल्या, "पण मराठीत घाल. बघू तुझा प्रोग्राम ते नीट दाखवतोय का." दाखवलं.

आता त्या आमच्या न्यूजग्रुपवर रोज असतात. परवा कुणीतरी दूरच्या माणसानं विचारलं होतं, की माझ्या लिपीत फोल्डर केला तर तो पुढं उघडेल ना? मी कामातून मोकळी होऊन उत्तर लिहायला बसले, तर आत्यांचं उत्तर आधीच तिथं होतं. तोडक्यामोडक्या इंग्रजीत, पायरीपायरीनं, आणि शेवटी त्यालाच उलट विचारलेलं, की तुमच्या गावाचं नाव तुमच्या लिपीत कसं लिहितात, ते पाठवा, मला ऐकायचंय.