साडूंचे कान

आमच्या साडूंइतके तिखट कान अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात कुणाचे नव्हते. हे मत त्यांचं स्वतःचं होतं, पण आम्हीही ते कधी खोडून काढलं नाही. रेडिओची नुसती खरखर ऐकून ते सांगायचे, हे सोलापूर, हे धारवाड, आणि ही पलीकडच्या शिवारातली पाण्याची मोटर. जुन्या रेडिओंचा नाद असलेले आम्ही पाचसहा जण दर रविवारी दुपारी तेरणा नदीच्या काठी, निजामाच्या काळातल्या दगडी पुलाला लागून असलेल्या परमिट रूमच्या ओसरीवर जमायचो. घरी मात्र "पुलापाशी जाऊन येतो" एवढंच सांगायचं. साडू येडशीहून एसटीने यायचे. पिशवीत लोकरीचं टोपडं घातलेला रेडिओ आणि हातात ताकाची बाटली. परमिट रूममध्ये बसून घरचं ताक पिणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मालकाने एकदा कुरकुर केली, तेव्हा साडूंनी त्याचा वर्षानुवर्षं बंद पडलेला रेडिओ चालू करून दिला, तेव्हापासून ताकाला परवानगी मिळाली. स्टेशन लागत असलं की ते एक बोट वर करायचे. मग आम्हाला शेंगदाणे चावायचीसुद्धा बंदी.

गेल्या उन्हाळ्यात एकदा ते रेडिओत सेल घालायलाच विसरले. सेल समोर टेबलावर पडलेले. साडूंनी बटण फिरवलं, कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "कन्नड बातम्या. लई साफ लागल्यात."

कुणी हसलं नाही. एकाने हळूच मान डोलावली, मग सगळ्यांनीच डोलावली. पुढे कितीतरी रविवार आम्ही तशाच माना डोलवत राहिलो. खोटं होतं, पण त्यात त्यांच्यावरचा लोभ होता.

हिवाळ्यात एका संध्याकाळी साडू एसटी गाठायला पुलावरून निघाले आणि मागून उसाचा ट्रॅक्टर आला. हॉर्नने सगळा पूल दणाणला, तरी हे आपले मधोमध चालत राहिले. ड्रायव्हरने ट्रॉली कठड्याला घासत कशीबशी थांबवली. मध्ये वीतभर जागा उरली होती. साडूंना पत्ताही नव्हता. असंच चालू राहिलं तर एक दिवस मेहुणीला कुठल्या तोंडाने सांगणार?

पुढच्या रविवारी मी त्यांना कोपऱ्यात घेतलं आणि हळूच म्हणालो, कान दाखवून घ्या, मशीन बसवा. ते म्हणाले, "काय?" मी आवाज चढवला. पुन्हा "काय?" तिसऱ्यांदा मी अक्षरशः ओरडलो. बहिऱ्या माणसाला तो बहिरा झालाय हे हळू आवाजात सांगता येत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. सगळी ओसरी आमच्याकडे बघायला लागली. साडूंनी एकेकाचा चेहरा पाहिला.

ते रागावले नाहीत. रेडिओला टोपडं घातलं आणि म्हणाले, "मला म्हाईत न्हाय व्हय? तुमाला म्हाईत न्हाय, आसं धरून येत व्हतो म्या."

त्यानंतर ते आले नाहीत. मशीन आणलंय, ते कपाटात आहे. मेहुणी म्हणते, बरं केलंत, माणूस घरात सुखरूप आहे. खरंच आहे ते. मी अधूनमधून येडशीला जातो. आम्ही दोघं दारात गप्प बसून राहतो. माझा त्यांच्यावर फार लोभ आहे, पण तो ओरडून सांगायचं मला अजून जमलेलं नाही.