नंबरावर क्लिक केलं की

दोन हजार सहा-सातची गोष्ट. नाशिकला मी वेबसाइट बनवायचे आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. मला आठवीत गणित शिकवलेले सर निवृत्तीनंतर रक्तदात्यांची यादी एका वहीत सांभाळत. कुणाला रक्त लागलं की फोन त्यांच्याच घरी यायचा. मी म्हटलं, सर, ती वही ठेवून द्या, मी तुम्हाला कॉम्प्युटरवर यादी करून देते.

केलीही झकास! कशावरही क्लिक करा, तिथेच चौकट उघडणार. बदला, बाहेर क्लिक करा, आपोआप सेव्ह. ना वेगळा फॉर्म, ना बटण. सर म्हणाले, "अगं, मला जमेल का?" मी फटकन म्हणाले, "त्यात काय एवढं? घाबरता कशाला?"

पण सरांना वाचताना ओळीवर बोट ठेवायची सवय, हजेरी घेताना ठेवायचे तशी. माउस हातात आल्यावर ते प्रत्येक ओळीवर क्लिक करत वाचू लागले. हे मला महिनाभर कळलंच नाही.

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसले असताना फोन आला. सायखेड्याची एक बाळंतीण शहरातल्या दवाखान्यात आणली होती, तिचा नवरा बोलत होता. "सर, लय रक्त जातंय हो. ओ निगेटिव्ह पायजे, इथं नाय म्हणत्यात." यादीत त्या गटाचा एकच माणूस होता, मखमलाबादचा, फुलांची शेती करणारा. मी स्क्रीनवरचा नंबर फिरवला. कुणी भलत्याच बाईंनी उचलला. पुन्हा फिरवला, पुन्हा त्याच.

सरांनी मान खाली घालून टेबलाच्या खणातून जुनी वही काढली. "हा लाव. शेवटी चार आहे, तिथे सात झालाय." माणूस मळ्यात होता, तसाच मोटरसायकलवर निघाला. बाळंतीण वाचली.

मग सर बोलले. वाचता वाचता चौकट उघडायची, कीबोर्डवर टेकलेल्या हाताने काहीतरी दाबलं जायचं, आकडा बदलायचा. घाबरून ते बाहेर क्लिक करायचे, सुटलो एकदाचा म्हणून. आणि माझी शहाणी यादी नेमकं तेव्हाच चूक सेव्ह करायची! दुरुस्त करायला पुन्हा क्लिक करायचं त्यांना धाडस होईना.

"मग मला सांगितलं का नाही?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तू एवढ्या हौसेने केलंस. मी बिघडवलं, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात मी सगळं बदललं. 'गावाला गेलाय', 'मागच्या महिन्यात दिलं' असले शेरे रोज बदलतात, चुकले तरी कुणाचा जीव जात नाही. ते तसेच तिथल्या तिथे बदलू दिले. नंबर आणि रक्तगट मात्र नुसत्या क्लिकने उघडणं बंद. शेजारचं 'बदला' बटण दाबलं तरच चौकट उघडणार, जुना नंबर वर दिसत राहणार आणि खाली दोन बटणं: 'ठेवा' आणि 'राहू दे'.

सरांनी एक नंबर मुद्दाम बिघडवला आणि 'राहू दे' दाबलं. जुना नंबर जागच्या जागी आला. पुन्हा बिघडवला, पुन्हा दाबलं. लहान मुलासारखे हसत होते. आठवीत फळ्यावर माझं गणित चुकलं की हेच सर डस्टर माझ्या हातात द्यायचे, "पूस आणि पुन्हा कर, काही बिघडत नाही" म्हणायचे. त्यांच्या हातात डस्टर द्यायचं मीच विसरले होते.