लतारावांचं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. थकले आहे, एवढंच खरं.

मी टेंभुर्णीला शाळेत मराठी शिकवते. वंदना आमच्याकडे गणिताला होती, माझ्याहून बरीच लहान, मला ताई म्हणायची. गावातच खोली करून ती लताबरोबर राहायची. लता सरकारी दवाखान्यात नर्स. एकदा दुपारी, रिकाम्या तासाला, वंदनानं मला सांगितलं, की आम्ही नुसत्या मैत्रिणी नाही, जोडीदार आहोत. लोक ‘तसली’ म्हणतात, पण त्याला नीट शब्द आहे ताई, समलिंगी. तुम्ही मराठीच्या, म्हणून तुम्हाला सांगायला बरं वाटतं. बोलता बोलता तिनं हातातल्या खडूचा पार चुरा केला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मनापासून फिरवला — निदान मला तसं आठवतं.

आता माझी एक खोड सांगायला हवी. मला उखाणे जमतात. लग्न ठरलं की गावातल्या पोरी माझ्याकडे येतात. पण खरी मजा वेगळीच — जी बाई हजर नाही, तिच्या वतीनं चावट उखाणा घ्यायचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे बायका वाणापेक्षा त्याचीच वाट बघतात. कौतुक कुणाला नको असतं? मला जरा जास्तच हवं असतं.

त्या वर्षी हळदीकुंकू माझ्या घरी होतं. वंदना आणि लता आल्या नव्हत्या; त्या जालन्याला गेलेल्या. त्यांची घरमालकीण मात्र आलेली, समोर भिंतीला टेकून बसलेली. दोन-तीन उखाणे झाले, हशा झाला. कुणीतरी म्हणालं, आता वंदना मॅडमचा घ्या, बिनलग्नाची कुणाचं नाव घेईल बघू. तेव्हा गप्प बसता आलं असतं. दुसरं काहीही सुचलं असतं. पण — उचलली जीभ, लावली टाळ्याला.

सोयाबीनच्या वावरात कपाशीचं बोंड,
लतारावांचं नाव घेते, गोड करा तोंड.

काय हसल्या बायका! पदर तोंडाला लावून हसल्या. घरमालकीण तेवढी हसली नाही. “म्हंजी काय वो मॅडम?” तिला खरंच कळलं नव्हतं. अजूनही सावरता आलं असतं. मी काय केलं? तिच्याकडे वाकले, आवाज उतरवला आणि म्हणाले, “अवो, तसल्याच हायेत त्या दोघी.” तो नीट शब्द मला येत होता. तरी मी हाच वापरला.

पुढचं सगळं त्या एका वाक्यातून झालं. घरात पोरीबाळी हायेत, खोली खाली करा, जल्दी बघा — असा निरोप वंदनाला गेला. शाळेच्या फाटकाशी पोरं ‘लताराव, लताराव’ ओरडायला लागली. ते नाव कुणाच्या उखाण्यातून निघालं, हे वंदनाला कुणी सांगितलं नाही. दुसरी खोली कुणी देईना. लतानं मंठ्याला बदली मागून घेतली. मंठा आणि टेंभुर्णी, म्हणजे जालना जिल्ह्याची दोन टोकं. रविवारच्या एसटीवर असं नातं किती दिवस चालणार? नाही चाललं. खोली सोडताना भांडी बांधायला वंदनानं मलाच बोलावलं. मी गेले. ताटं वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. हे मालकिणीला कुणी सांगितलं असेल हो ताई, असं ती म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, गावाला काय, डोळे असतात.

म्हणजे तिथंही खोटं. तेसुद्धा किती सहज!

हल्ली या विषयावर मुलामुलींसमोर शाळा मलाच उभी करते. कुणाला छक्का म्हणायचं नाही, तसली म्हणायचं नाही, माणसाला माणसासारखी हाक मारायची. मी छान बोलते. टाळ्या पडतात, आणि घरी येऊन मी अंगावर पांघरूण घेऊन नुसती पडून राहते.

वंदना आता संभाजीनगरला असते, एकटी. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. माझ्या भाषणाचं तिच्या कानावर गेलं होतं. म्हणाली, “ताई, त्या अख्ख्या गावात आमच्याबद्दल नीट बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच होत्या.”

मी हो म्हटलं. मग तिला विचारलं, जेवलीस का.