मागचे दोन ओरिजनल

बाबांची गाडी एकदा खड्ड्यात आपटली की पुढे कितीतरी वेळ होडीसारखी डुलत राहायची. बाबा शाळेत मास्तर. एका आंबेवाल्याकडून त्यांनी ती चॉकलेटी गाडी जुनीच घेतली होती, पण तिच्याबद्दल एक वावगा शब्द ऐकून घेत नसत. "डुलते म्हणून तर प्रवास मऊ होतो," असं वर आम्हालाच ऐकवायचे. आई मागच्या सीटवर लिंबू हुंगत डोळे मिटून बसलेली असायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर मात्र ही थट्टेची गोष्ट राहिली नाही. माझी मोठी बहीण गुहागरला दिलेली. तिचा सातवा महिना संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि आमच्याकडे आठवा लागला की बाईला प्रवास करू देत नाहीत. म्हणजे आठवड्याभरात आणली तर आणली, नाहीतर राहिली. ताईचं पत्र आलं, "मला घरी यायचंय गो. आईच्या हातची पेज खायच्ये. लवकर न्या." त्याच पत्राच्या खाली सासूबाईंचा निरोप होता, "तुमच्या त्या खटाऱ्यातून माझी सून यायची नाही." त्या एकदाच त्या गाडीत बसल्या होत्या आणि त्यांच्या कमरेत उसण भरली होती.

मी तेव्हा बावीस वर्षांची, राग कायम नाकावर. "खटारा काय! दाखवतेच त्यांना," म्हणत मी बाबांना ओढत गॅरेजवर नेलं.

मेस्त्रींनी काही विचारलंच नाही. डिकीवर दोन्ही हातांनी जोर दिला आणि सोडला. गाडी वरखाली व्हायला लागली ती थांबेचना. "मास्तर, शॉकअप कुठे आहेत यात? हादरे खायला नुसत्या नळ्या राहिल्यात." कंपनीचे ओरिजनल शॉकअप रत्नागिरीत मिळत नव्हते, मुंबईहून मागवायला लागणार होते. फळीवर होते ते लोकल, पिवळा रंग फासलेले. "हे फार कडक," मेस्त्री म्हणाले. "दगड वाहायचे असतील तर झकास. पोटुशी बाई न्यायची तर मी म्हणेन, ओरिजनलसाठी थांबा."

"थांबायला दिवस कुठे आहेत?" मी म्हटलं. "शेवटी लोखंडच ना दोन्ही? बसवा चारही!"

मेस्त्रींनी बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे, आणि पिवळे बसले. बाबा गुपचूप पोस्टात जाऊन मुंबईच्या मामाला ट्रंककॉल करून आले, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. गाडी डुलायची थांबली होती, हे कबूल. आता रस्त्यातला खडा न् खडा थेट दाढेपर्यंत पोचत होता. बाबांचा चष्मा दोनदा मांडीवर पडला. "बघा, कशी मस्त चालत्ये," मी म्हणायला गेले आणि माझीच जीभ कचकन चावली.

गुहागरला सासूबाई अंगणात उभ्याच होत्या, हातात पाण्याने भरलेला तांब्या. "सून मागाहून. आधी मी बसत्ये." तांब्या मांडीवर घेऊन त्या मागच्या सीटवर बसल्या. "चला, देवळापर्यंत जाऊन येऊ." परत आल्या तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं आणि तांब्याच्या तळाशी घोटभर पाणी. त्यांनी तांब्या माझ्यासमोर धरला. "हे पाणी होतं म्हणून ठीक."

"मावशी, पाणी काय, कुठल्याही गाडीत सांडतं!" मी भडकले.

"मग मी कुठल्याही गाडीतून पाठवायची नाही."

ताई बांधलेली पिशवी हातात घेऊन ओटीवर उभी होती. ती पिशवी घेऊन आत गेली. येताना चिपळूणपर्यंत मी रागाने रडत होते. राग सासूबाईंवर आहे, असं मी बाबांना सांगत होते.

आठवा लागायला दोन दिवस उरले आणि एसटीने मामाचं पार्सल आलं. त्याच्या जुन्या लुंगीत घट्ट गुंडाळलेले दोन ओरिजनल शॉकअप आणि चिठ्ठी, "सगळी दुकानं पालथी घातली. दोनच मिळाले." मी त्या लुंगीसकट ते उराशी धरले, फ्रॉकमधली पोर बाहुली धरते तसे. ग्रीसचा डाग माझ्या त्या साडीवरून कधीच गेला नाही.

आता दोन कुठे बसवायचे, यावरून गॅरेजमध्ये आमची जुंपली. "पुढे," बाबा म्हणाले. "स्टिअरिंग माझ्या हातात असतं."

"आणि ताई काय बॉनेटवर बसणार आहे?"

मेस्त्री इतके हसले की हातातला पाना खाली पडला. "मास्तर, पोरगी बरोबर बोलली. ओरिजनल मागे बसवू. पुढचे हादरे तुम्ही खा."

"खातो," बाबा म्हणाले. मेस्त्रींनी टायरातली थोडी हवा काढली, डिकीत तांदळाचं पोतं टाकायला सांगितलं, म्हणजे गाडी दबून चालेल. मग मला म्हणाले, "दाब." मी डिकी दाबून सोडली. ती एकदा वर आली आणि गप्प राहिली. मी पुन्हा दाबली. बाबांनी हाताला धरून ओढेपर्यंत मी दाबतच होते. काय आनंद झाला होता मला!

दुसऱ्या खेपेला बाबा पुढे गदागदा हलत होते आणि मी मागे राणीसारखी बसले होते. सासूबाई पुन्हा तांब्या घेऊन बसल्या, मी त्यांच्या शेजारी. खड्डे आले नि गेले, बाबांनी गाडी काचेची असल्यासारखी हाकली. देवळापाशी थांबून मी तांब्यात डोकावले, तर पाणी अर्ध्यावर! आणि तेवढ्यात दिसलं, गाडी उभी होती तरी पाणी सांडतच होतं. सासूबाईंचे हात थरथरत होते.

मी तांब्या धरला. त्या समोर बघत म्हणाल्या, "मी पण अशीच सातव्यात माहेरी निघाले होत्ये. बैलगाडीतून. पोचले ती एकटीच."

बाबांनी इंजिन बंद केलं. इतके दिवस मी या बाईला घरात काय काय बोलले होते, ते सगळं मला तिथे आठवलं आणि लाज लाज वाटली. मी त्यांचे ओले हात पदराने पुसले. त्यांनी पुसू दिले.

ताईच्या घरी परतलो तर ती पिशवीसकट अंगणात आली होती. "आई, जाऊ मी?" तिने सासूबाईंना विचारलं.

सासूबाईंनी उतरून तिला मागच्या सीटवर बसवलं, पाठीशी उशी दिली, तिच्या पोटावर हात ठेवला.

"जा. गाडी चांगली आहे. पण एकटी परत यायचं नाही हो, सांगून ठेवत्ये."