तारीखबाईंचा अर्ज

वकीलखोलीत त्यांना सगळे माघारी तारीखबाई म्हणत. सोळा वर्षांत ते नाव तोंडावरही येऊ लागलं, आणि बाईंनी ते कोट अंगात घालावा तसं घालून टाकलं. त्यांचे सर वरच्या कोर्टात कंपन्यांच्या बाजूनं उभे राहायचे, आणि खालच्या कोर्टातली बारकीसारकी प्रकरणं बाई सांभाळायच्या. सांभाळायच्या म्हणजे पुकारा झाला की उठायचं, मान जराशी झुकवायची आणि म्हणायचं, "सर वरच्या कोर्टात आहेत साहेब, तारीख मिळावी." हे त्या इतक्या गरीब आवाजात म्हणायच्या की नाही म्हणणं कुठल्याही न्यायाधीशाच्या जिवावर यायचं.

"बाईंनी मागितली तर यमसुद्धा पुढची तारीख देऊन जाईल," असं जाडे वकील डबा खाता खाता म्हणायचे. बाई हसायच्या. हसायचं असतं म्हणून.

सकाळी आठला घर सोडायचं, दिवसभर कोर्ट, तिथून सरांचं चेंबर, घरी यायला रात्रीचे साडेनऊ. शनिवार धरून. नवरा छापखान्यात मशिनवर होता, सहाला घरी. एकदा एका रविवारी तो कागद-पेन्सिल घेऊन बसला, बाईंच्या पगाराला तासांनी भागलं, बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला आणि कागद फाडून कचऱ्यात टाकून आला. त्याच्या मशिनवरच्या मदतनिसाला तासाला किती मिळतात ते बाईंनाही माहीत होतंच.

सासूबाई मात्र बोलायच्या. "काळा कोट बघून बायका मला विचारतात, सुनेला काय मिळतं. मी सांगते, भरपूर. तू कोर्टात खरं बोलतेस, खोटं बोलायचं माझ्या वाट्याला."

"कोर्टात तरी कुठे खरं बोलते, आई," बाई म्हणायच्या.

अशात बँकेचं पत्र आलं. कायदा विभागात जागा होती. दहा ते साडेपाच, दीडपट पगार, महिन्यातले दोन शनिवार सुटी. गुरुवारी सकाळी अकरा वाजता मूळ प्रमाणपत्रं घेऊन समितीपुढे हजर राहावं, न आल्यास यादीतल्या पुढच्या नावाचा विचार होईल.

"मग? आनंद नाही झाला?" नवऱ्यानं विचारलं.

"झाला असेल," बाई म्हणाल्या आणि पत्र फ्रिजवर ठेवून भांडी घासायला वळल्या.

गुरुवारच्या आदल्या दिवशी टेलरमामांचा दावा बोर्डावर होता. मामांचं वय सत्तरीला टेकलेलं, जिन्याखाली एका मशिनपुरतं दुकान. ते रिकामं करून द्या म्हणून मालकानं दावा लावला त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि मामांचं वकीलपत्र बाईंच्या चेंबरकडे होतं. अकरा वर्षं मामा प्रत्येक तारखेला इस्त्रीचा सदरा घालून व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसायचे. सोबत एक काज-बटणाचं काम आणायचे, म्हणजे दिवस अगदीच फुकट जायला नको.

पुकारा झाला. मालकाच्या बाजूनं कोणी उठलं नाही. न्यायाधीशांनी फाइल उलटीपालटी केली. "तिसऱ्यांदा वादी गैरहजर. मागच्या वेळी शेवटची संधी दिली होती. बोला, प्रतिवादीतर्फे कोण?"

एवढंच बोलायचं होतं की साहेब, दावा निकाली काढावा. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बाई उठल्या, मान झुकवली आणि म्हणाल्या, "सर वरच्या कोर्टात आहेत साहेब, तारीख मिळावी."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही मागताय?"

"हो साहेब."

त्यांनी खांदे उडवले. कारकुनानं तीन महिन्यांनंतरची तारीख लिहिली आणि पुढचं नाव पुकारलं.

बाई खाली बसल्या. आपण काय केलं ते त्यांना बसल्यावर कळलं. दुसऱ्या कुणाचं काहीतरी पडलेलं बघावं तसं वाटलं. त्या बाहेर आल्या. मामा सुईत दोरा ओवत उभे होते.

"संपलं का ताई?"

"नाही मामा. माझी चूक झाली. आज संपणार होतं, मीच तारीख मागितली."

मामांनी दोरा ओवून घेतला. रागावले असते तर बरं झालं असतं. "किती महिने?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"तीन तर तीन," ते म्हणाले. "डोळे टिकतील तोवर. आता हे दोरे ओवणंच जमत नाही नीट."

बाईंनी सरांना फोन लावला. चूक दुरुस्त व्हायला एक वाट होती. दुपारी अर्ज द्यायचा, की चुकून तारीख मागितली गेली, दावा पुन्हा बोर्डावर घ्यावा.

"वेड लागलंय का?" सर म्हणाले. "आपल्या चेंबरनं चूक केली असं कागदावर जाईल. उद्या कंपनीवाले वाचतील. तीन महिन्यांनी होईल की. बिघडलं काय?"

"त्यांचं वय झालंय सर."

"वय सगळ्यांचंच होतं. अर्ज माझ्या नावानं जाणार नाही."

"माझ्या नावानं देते मग. वकीलपत्रावर माझीही सही आहे."

सोळा वर्षांत बाईंनी दिलेलं हे पहिलं उलट उत्तर असावं. "द्या," सर म्हणाले. "पण मग संध्याकाळी चेंबरला यायची तसदी घेऊ नका."

"बरं," बाई म्हणाल्या. टाइप करणाऱ्याकडे बसून त्यांनी पाच ओळींचा अर्ज केला. तिसरी ओळ होती, 'ही चूक सर्वस्वी माझी आहे.' टाइप करणारा थांबला. "बाई, असं कोणी लिहीत नाही."

"लिही."

दुपारी न्यायाधीशांनी अर्ज दोनदा वाचला. "उद्या अकरा वाजता, पहिलं प्रकरण. समोरच्या वकिलांना आजच कळवा. उद्या तुम्ही नसाल तर सकाळची तारीख कायम."

बाई हो म्हणाल्या. उद्या अकरा म्हणजे काय ते बाहेर व्हरांड्यात आल्यावर लक्षात आलं. आधी समोरच्या वकिलांना फोन केला, मग बँकेला. समिती उद्याच बसते, वेळ बदलत नाही, असं तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली. तिचा आवाज बाईंना ओळखीचा वाटला. असाच आवाज लावून त्या सोळा वर्षं तारखा मागत आल्या होत्या.

पाच वाजता बाई घरी पोचल्या, तर सासूबाईंना वाटलं कोणीतरी गेलं.

नवऱ्याला त्यांनी सगळं सांगितलं. तो कपात बोट फिरवत बसला. "म्हणजे चेंबर गेलंच."

"गेलं."

"मग बँकेला जा. मामांना दुसरा वकील बघून दे सकाळी. जाड्याला सांग."

"तो येईल आणि तारीख मागेल."

नवऱ्याला हसू आलं आणि त्यानं ते आवरलं. "तुझं तू बघ," तो म्हणाला. "मी काही म्हणणार नाही. पण मी म्हणेन बँकेला जा."

सकाळी बाईंनी प्रमाणपत्रांची पिशवी घेतली आणि कोटही घेतला. नेहमीची बस पकडली. बँक चौथ्या थांब्यावर होती, कोर्ट सहाव्या. चौथा थांबा आला तेव्हा त्या खिडकीतून एका भिंतीवरचा फाटका कागद वाचत होत्या. बस सुटली. मनानं सुटू दिली की सवयीनं, हे त्यांना विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. पावणेअकराला पाय कोर्टाच्या पायऱ्यांवर होते.

पहिलाच पुकारा झाला. समोरचे वकील आले होते. अशील परदेशात मुलाकडे गेलाय, त्याच्याकडून काही सूचना नाहीत, असं म्हणून ते बसले. बाई उठल्या आणि दावा निकाली काढावा असं साध्या आवाजात म्हणाल्या. न्यायाधीशांनी कारकुनाला चार ओळी लिहायला सांगितल्या. दावा रद्द. सगळ्याला सात मिनिटं लागली.

व्हरांड्यात मामांनी हात जोडले, मग काय करायचं ते न सुचून सोडले. "म्हणजे आता यायचं नाही?"

"नाही यायचं."

"घरी काय सांगू?"

"दुकान तुमचं राहिलं म्हणून सांगा."

मामांनी मान हलवली, पण गेले नाहीत. बाकावर बसले आणि पिशवीतून बटणाचं काम काढलं. अकरा वर्षं ते इथे दुपारपर्यंत थांबत आले होते. बाईही शेजारी टेकल्या. बँकेत त्यांचं नाव पुकारून झालं असेल. चेंबरला त्यांच्या टेबलावर कुणी बसलं असेल. आनंद, पश्चात्ताप, दोन्हीपैकी काहीतरी येईल म्हणून त्या थोडा वेळ थांबल्या. आलं नाही.

"ताई, एवढा दोरा ओवून देता का," मामा म्हणाले.

बाईंनी सुई उजेडाकडे धरली.