ताज्या माशाचा कच्चा तुकडा

माझा दादा नदीतले मासे विकायचा. बाजारात सगळे त्याला तुकडेमामा म्हणत. गिऱ्हाईक आलं की माशाचा पातळ काप काढून कच्चाच तोंडात टाकायचा आणि म्हणायचा, "आधी माझ्या पोटात, मग तुमच्या पिशवीत." तीस वर्षं हेच. मी शेजारी खवले काढत नाक मुरडायची, पण ताज्या माशानं काही होत नाही, हे मलाही पटलेलं होतं.

गेल्या वर्षी त्याचे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. नदीच्या कच्च्या माशातून एक किडा यकृतात जातो आणि पित्ताच्या नळीत वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो. मासा ताजा असला तरी असतोच, आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दादाच्या नळीत बहुधा त्यातूनच कॅन्सर झाला होता, आणि तो पसरलाही होता.

"घरात आणखी कोण कच्चा खातं?" बाईंनी विचारलं. "किडा गोळ्यांनी जातो, वेळेत कळलं पाहिजे."

दादा म्हणाला, "कुणी नाही."

धडधडीत खोटं. त्याची पोरगी आता दुकान सांभाळत होती, आणि बापासारखाच काप तोंडात टाकत होती. बाहेर येताच मी त्याला फैलावर घेतलं.

"गिऱ्हाइकांना काय सांगू? तीस वर्षं रोग विकला म्हणून?"

"पोरीपेक्षा तुझं नाक मोठं का रे?"

त्यानं अबोला धरला. मी पोरीला सांगितलं, तर ती हसली. "आत्या, तुझं नेहमीचंच. बाबा म्हणाले तर सोडेन."

आठव्या दिवशी दादा भिंतीचा आधार घेत दुकानात आला. पाच-सहा माणसं उभी होती. पोरीनं काप उचलला आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

"नको खाऊस. मला यानंच झालंय." मग लोकांकडे वळून म्हणाला, "तुम्हीही चांगला शिजवून खा."

त्यांतले दोघं जण रिकाम्या पिशव्या घेऊन निघून गेले. दादा खोक्यावर बसला, मान खाली घालून.

पोरीच्या तपासणीत किड्याची अंडी सापडली. तिनं गोळ्या घेतल्या. पुन्हा तपासलं तेव्हा काही नव्हतं. तोवर दादानं अंथरूण धरलं होतं. पोरीच्या दुसऱ्या तपासणीचा कागद त्यानं मला तीनदा वाचायला लावला.

"दुकान कुणी उघडलंय?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. आम्ही दोघी इथंच आहोत ना."

"मग जा की. गिऱ्हाईक खोळंबलं असेल."